पांढरीची माती

गयामावशी,

तुझी पापणी मी पहिल्यांदा खाली ओढून पाहिली ती तू गेल्यावर. बायका पाणी तापवत होत्या, तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं, आणि माझा हात सवयीनं तुझ्या डोळ्याकडं गेला. तनूची आई मनीषा शेजारीच होती. तिला वाटलं, जीव आहे का ते सिस्टर बघतायत. ती एकदम आशेनं माझ्याकडं बघायला लागली. मी नाही म्हणून मान हलवली. तिला काय सांगणार? मी रक्त बघत होते.

पापणी आतून पांढरी होती. मेलेल्या माणसाची ती तशीच असते, एवढं मला कळतं. पण मग मी तुझा हात हातात घेतला. नखं मधून दबलेली, चमच्यासारखी खोलगट. पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. नखं एका दिवसात तशी होत नाहीत, मावशी. आणि सात वर्षं हेच हात घेऊन तू माझ्यासमोर गावची पोरं धरून बसत होतीस.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. गावात ज्याला त्याला तुझ्याबद्दल बोलायचंय. मला जे बोलायचंय ते कुणापुढं बोलता येत नाही, म्हणून तुलाच लिहितेय. माझं अक्षर लागत नाही अशी तुझी तक्रार असायची. आज जरा सावकाश लिहिते.

मी नांदेडची, विष्णुपुरीच्या धरणाजवळ वाढलेली. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही, वडिलांनी शिरूच दिला नाही. लातूर जिल्ह्यातल्या या उपकेंद्रावर बदली झाली तेव्हा गाव बघून मला कसंतरीच झालं होतं. सरळ गल्ल्या, सगळी घरं एका मापाची, एका वयाची. मी तुला विचारलं होतं, ‘या गावात जुनं काहीच कसं नाही?’ तू खिचडीचं पातेलं घासत होतीस. वर न बघता म्हणालीस, ‘जुनं गाव तिकडं हाय, मैलभर. भूकंपात पडलं. मग सरकारनं हे मांडून दिलं.’

पोरांची भातुकली मांडून द्यावी तसं म्हणालीस. पातेलं उपडं घातलंस. मी ‘अहो गयाबाई’ म्हणायचे ते तू त्याच दिवशी थांबवलंस. ‘मला तू म्हन, शिष्टर. तुम्ही म्हनलं की ऑफिसातनं नोटीस आल्यावानी वाटतंय.’

तू अंगणवाडीची मदतनीस. मंगळवारी आणि शनिवारी मी यायचे, पोरांच्या पापण्या खाली ओढून बघायचे, तळहात उलटून बघायचे, आणि तू एकेकाला मांडीत धरून लोहाच्या औषधाचा डोस पाजायचीस. ड्रॉपर गालाच्या आत सोडायचा, म्हणजे पोरगं थुंकत नाही आणि दात काळे पडत नाहीत, हे मी तुला शिकवलं. मागून लिंबाची फोड चाटवायची, हे तू सुरू केलंस. आंबटानं लोह अंगी लागतं असं मी एकदा सहज म्हणाले होते. दुसऱ्या खेपेला तू पदरात लिंबं बांधून आलीस. कुणाच्या बांधावरची होती ते मी विचारलं नाही.

आयांना तू माझ्यापेक्षा बरं समजवायचीस. ‘शी काळी झाली तर भिऊ नगा. काळी झाली म्हंजे औषध लागू पडलं. बाटली उंचावर ठिवा. गोड हाय म्हनून पोरानं समदी पेली तर जिवावर बेतंल.’ मी तेच सांगायचे तर त्या माना हलवायच्या आणि विसरायच्या. तू सांगितलेलं विसरायची कुणाची बिशाद नव्हती.

आणि चहा. चहात बुडवलेली खारी पोरांना देऊ नकोस म्हणून मी किती भांडले तुझ्याशी! ‘चहा लोह अंगी लागू देत नाही, मावशी. रक्त पितो तो पोरांचं.’ तू म्हणायचीस, ‘मग आख्ख्या मराठवाड्याचंच पेला म्हन की.’ ते भांडण काही मिटलं नाही. माझ्या समोर पोरांना पेज द्यायचीस, माझी पाठ वळली की चहा.

एकदा दारात बसून शेंगा फोडताना तू सांगितलंस की नव्या गावात तुला झोप लागत नाही. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, एवढं मलाही माहीत होतं. तू म्हणालीस, ‘आमची पांढरी तिकडंच ऱ्हायली. हितं काळीवरच घरं बांधलीत. काळी भाकर देती, पर ती निजू देत न्हाई मानसाला.’ मला तेव्हा ते बोलणं आवडलं होतं. नुसतंच आवडलं होतं.

मग तनू.

मनीषा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायची, नवरा पुण्याला कंपनीत. अंगणवाडी सुटली की आई येईपर्यंत तनू तुझ्याकडं. अडीच वर्षांची पोर, पण खेळायची नाही. तुझ्या मांडीवर डोकं टाकून बसायची, उठवलं की चिडून रडायची. ओठांच्या कडेला नेहमी एक पांढरट रेघ. माती खाते हे कळायला फार शहाणपण लागत नव्हतं. मी बोटातून रक्त घेऊन तपासलं तर हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन भरलं, अकराच्या वर हवं तिथं. जंताची गोळी दिली, तिच्यासाठी वेगळी बाटली दिली आणि सांगितलं, आठवड्यातून दोनदा पुरणार नाही, हिला रोज द्यायचं, दोन महिने. मनीषा पहाटेच कामाला जाते म्हणून बाटली तुझ्या हातात दिली. तू वहीत रोज बरोबरची खूण करत होतीस. मी त्याखाली सही करत होते.

महिन्यानं पुन्हा तपासायचं होतं. मशीनच्या पट्ट्या संपल्या होत्या. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. त्यात माझी चूक किती, तुझी किती, हा हिशेब मी आता करत बसणार नाही. पण माझी होतीच.

ती दुपार मार्चअखेरची. तनूची तपासणी करायला मी तुझ्या घरी आले. कडी लावलेली. शेजारीण म्हणाली, जुन्या गावाकडं गेली असंल, रोजच जाती. एवढ्या उन्हात? मी निघाले. सात वर्षांत मी तिकडं पाय ठेवला नव्हता. वेडी बाभळ माजलेली, रुई फुललेली, आणि मधून मधून घरांची जोती. वाट अजून गल्लीसारखीच वळत होती. दोन्हीकडं घरं नसताना मी वळणं घेत चालत होते. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

तू एका जोत्यावर बसली होतीस. समोर छातीएवढ्या उंचीचा भिंतीचा एकच तुकडा उभा होता आणि तनू त्याला तोंड लावून उभी होती. मला वाटलं चाटतेय. जवळ गेले तेव्हा कळलं, ती बोलतेय. हळू आवाजात दोन शब्द बोलायची, थांबायची. मान हलवायची. ‘हाव’ म्हणायची. पुन्हा थांबायची. पलीकडचं माणूस बोलत असताना आपण फोन धरून थांबतो ना, तसं.

मी हाक मारणार तोच तू ओठांवर बोट ठेवलंस. ‘थांब, शिष्टर. बोलाय लागल्यात.’

‘कोण?’

‘दोघी.’

मी वाकून पाहिलं. भिंतीत तनूच्या तोंडाच्या उंचीवर एक खळगा होता. वाटीसारखा गोल, आतून गुळगुळीत, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढा. अडीच वर्षांच्या पोरीनं दोन महिन्यांत केलेला तो नव्हता. तीस वर्षांचा होता. मी तुझ्याकडं पाहिलं आणि तुझ्या ओठांच्या कडेला तीच पांढरी रेघ दिसली. इतकी वर्षं मी ती पाहिली होती आणि तंबाखू-चुना असेल म्हणून सोडून दिली होती.

तेवढ्यात तनू वळली आणि तुला म्हणाली, ‘छबू म्हनती, गाल दुखतो.’

तू उजवा हात मांडीखाली घेतलास. लपवल्यासारखा. बराच वेळ तू तो बाहेर काढला नाहीस.

तनूला कडेवर घेऊन आपण परत निघालो तेव्हा तू सांगितलंस. तुला मुलगी होती, छबू, चार वर्षांची. मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गावात प्रत्येकाच्याच घरातलं कुणी ना कुणी गेलेलं, म्हणून कुणीच कुणाचं सांगत नाही.

‘तिला मातीचं लई याड,’ तू म्हणालीस. ‘त्या सांजंला भिंतीला जीभ लावून हुबी व्हती. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा एक ठिवून दिली गालावर. पाची बोटं उठली. जेवली न्हाई. भिंतीकडं तोंड करून निजली. पहाटं मी भाईर गेले, माघारी फिरले तर घरच न्हवतं. नवराबी त्यातच. समदे म्हनले, तुझ्या हातात काय व्हतं, गया? पर हातातच व्हतं की. माझी पाच बोटं गालावर घिऊन गेली ती.’

‘हे तनूला कुणी सांगितलं?’

‘मी कुनालाच सांगितलं न्हाई. आज तुला सांगितलं.’

त्यावर मी जे बोलले ते मला दाही दिशांनी अजून ऐकू येतं. तुझं समाधान करायला बोलले होते गं. मी म्हणाले, ‘मावशी, माती खाणं हा खोडसाळपणा नसतो. अंगात लोह कमी पडलं की मूल माती मागतं. छबूलाही तेच झालं असणार.’

तू थांबलीस. ‘म्हंजे औषध व्हतं यावर?’

‘होतं.’

‘आन मी मारलं.’

जीभ चावून तोडावी असं वाटलं मला.

पण जास्त विचार करायला तनूनं वेळच ठेवला नाही. कडेवर तिचा श्वास लागला होता, नुसतं बसल्या बसल्या. फ्रॉकवरून तिचं काळीज माझ्या बरगडीला लागत होतं. उपकेंद्रात बोट टोचलं तर थेंब आला तो पाण्यात कुंकू कालवल्यासारखा. चार पॉइंट सहा. दोन महिने रोज औषध घेणाऱ्या पोरीचं रक्त एवढं उतरेल कसं? मी म्हटलं, बाटली आण.

तू आणलीस. खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं मला. बाटलीचं सील तसंच होतं.

‘छबू अजून माझ्याशी बोलली न्हाई,’ तू म्हणालीस. ‘हिच्याशीच बोलती. अजून राग हाय का, एवढंच इचारायचं व्हतं मला. माझ्याशी बोलली की देनारच व्हते औषध. रोज म्हनायचे, उद्या देते.’

‘आणि औषधाचा काय संबंध?’

‘हाय. आधीबी दोघा-तिघांनी नाव घेतलं तिचं. जी लई पांढरी व्हती त्यांनीच. तू डोस सुरू केलास, आठ दिसात इसरली. रगत भरलं की दार लागतंय, शिष्टर. म्या बघितलंय.’

मी ओरडले. ‘मेलेल्या पोरीसाठी जित्या पोरीला मारायला निघालीस तू!’ दारात उभं राहून ओरडले. तू खुंटीवरची पिशवी घेतलीस, तनूचे दोन फ्रॉक तिच्यात टाकलेस आणि म्हणालीस, ‘चल. लातूरला न्यायचं ना?’

अॅम्ब्युलन्समध्ये मनीषाच्या मांडीवर तनू आणि तुझ्या हातात तनूचे पाय. मोठ्या दवाखान्यात त्यांनी ताबडतोब दाखल करून घेतलं. रक्त लावायचं ठरलं, अगदी हळूहळू, कारण एवढं पातळ रक्त वाहून थकलेल्या काळजाला एकदम भार सोसत नाही. बदली रक्तदाता कोण, असं विचारल्यावर मनीषाच्या आधी तू बाही वर केलीस. ‘माझं घ्या. जेवढं हाय तेवढं घ्या.’ तिथल्या पोरीनं तुझं बोट टोचलं, मशीनकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं. ‘मावशी, तुम्हालाच लावायची पाळी आलीय. तुमचं नाही चालणार.’ मी दारातच होते. ऐकलं. गावाकडं गेल्यावर बघू, असं मनाशी म्हटलं आणि स्वतः रक्त द्यायला गेले. माझं जेमतेम भरलं, पण चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनूचे ओठ गुलाबी दिसले. खरंच गुलाबी, मी तिचे ओठ पहिल्यांदा पाहतेय असं वाटलं. तिनं भाकर मागितली. मनीषा हसत-रडत खाली चहावाल्याकडं दूध आणायला गेली. खोलीत आपण तिघीच. तू तिच्या कानाशी वाकलीस.

‘तने, छबू काय म्हनती गं?’

तनू भाकरीचा घास चावत होती. ‘कोन छबू?’

तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझ्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं, आणि मी मान दुसरीकडं वळवली. ते पाहायचा मला अधिकार नव्हता. थोड्या वेळानं पदराचा आवाज आला. तू गाठ सोडून लिंबू काढत होतीस. ‘फोड कर हेची,’ मला म्हणालीस. ‘आजपसनं औषध चालू हुईल ना?’

पुढचे तीन महिने तू रोज सकाळी सातला तनूला घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. मी बोलावलं नव्हतं. माझ्यासमोर ड्रॉपर भरायचीस, गालात सोडायचीस, लिंबू चाटवायचीस, मग तिचं तोंड उघडून मला दाखवायचीस, ‘बघ.’ एकदाही चुकली नाहीस. तनूनं माती सोडली, भिंत विसरली, महिन्याभरात ती तुझ्यापुढं पळत यायला लागली. तिसऱ्या महिन्यात तपासलं तेव्हा अकराच्या वर होतं. मी आकडा सांगितला. तू नुसतं ‘बरं झालं’ म्हणालीस आणि तिला कडेवर उचललंस, ती आता चांगली पळत असताना.

मी काय घडलं ते कुणाला कळवलं नाही. मनीषालाही नाही. कळवायला हवं होतं का, यावर मी स्वतःशी रोज भांडते. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘सांग की. खरं हाय ते.’ पण मी सांगितलं नाही आणि त्याबद्दल तू माझे आभारही मानले नाहीस. ते बरं केलंस.

तुला गोळ्या दिल्या मी. दर महिन्याला तीन पट्ट्या. ‘घेतेस ना?’ ‘घेतीय की.’ पापणी खाली ओढून बघायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. पण त्या दारातल्या ओरडण्यानंतर तुझ्या तोंडाजवळ हात न्यायची मला लाज वाटायची. म्हणून नुसतं विचारायचे, आणि तू नुसतं सांगायचीस.

शेळ्या राखणारी जनाबाई धावत आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तू भिंतीला टेकून बसली होतीस, गाल त्या खळग्याला लावून, उजवा हात भिंतीवर पसरून. कुणाचा तरी गाल कुरवाळावा तसा. जनाबाई म्हणाली, लांबून तिला वाटलं तू कुणाचं तरी ऐकतेयस, म्हणून तिनं आधी हाकच मारली नाही. ती बांधावर थांबून राहिली. तुझं बोलणं होऊ दे म्हणून.

लोकांनी विचारलं, काय झालं? डॉक्टर म्हणाले, हार्ट. मीही तेच सांगितलं. ते खोटं नाही. रक्त पातळ झालं की हृदयच धावून धावून थकतं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या पुतण्यानं ट्रंक उघडली आणि मला बोलावलं, ‘सिस्टर, ह्या गोळ्या तुमच्या दिसत्यात.’ सगळ्या पट्ट्या रबर लावून नीट ठेवलेल्या. एकही गोळी फोडलेली नाही. पुतण्याला वाटलं विसरली असेल. मला माहीत होतं. तनूचं दार तू स्वतःच्या हातानं लावलंस, रोज सकाळी सातला, तीन महिने. आणि स्वतःचं उघडं ठेवलंस.

मला तुझा राग येतो, मावशी. मी सिस्टर आहे. माझ्या समोर, माझ्याच गोळ्या ट्रंकेत ठेवून, तू वाळत गेलीस. आणि त्याच वेळी वाटतं, तू जे केलंस ते मला जमलं असतं का? ज्या पोरीच्या तोंडून आपल्या पोरीची खबर येते, तिचं तोंड आपणच औषधानं बंद करायचं? मनीषा तुझ्या पायांवर पडून रडत होती, ‘माझ्या पोरीला हिनं वाचवलं गं.’ मी तिला धरून उभी होते. तेही खरं आणि ते दुसरंही खरं. दोन्ही मी एकटीच धरून आहे आता.

आपला वाद अर्धाच राहिला. मी म्हणणार, लोह कमी पडलं की मूल चिडतं, मंद होतं, आपल्याच तंद्रीत असतं. बडबडलं असेल काहीतरी. आणि नाव तुझ्याच तोंडून कधीतरी ऐकलं असेल. तू म्हणणार, आन गाल? मी शिकलेल्या एकाही पुस्तकात ते नाही.

आता शेवटचं सांगते. हे मी आईलाही फोनवर सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी मी जुन्या गावात गेले. भिंत पाडून टाकावी असं गावातली काही माणसं म्हणत होती. पोरांच्या दृष्टीनं तेच बरं, असं मीही म्हणाले होते. त्याआधी एकदा पाहावी म्हणून गेले. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. भिंत ओली होती. मी खळग्याजवळ गेले, तो वास आला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

नुसतं पाणी नाही, मावशी. दात शिवशिवले. बोट पुढं गेलं. चिमूटभर माती नखाशी आली तेव्हा मी हात झटकला आणि पळत निघाले. उपकेंद्रात येऊन दार लावलं, स्वतःचं बोट टोचलं. आठ पॉइंट एक. सकाळी नुसता चहा, दुपारी डबा तसाच परत, संध्याकाळी पुन्हा चहा. दर महिन्याला जाणारं वेगळंच. गावभर शिकवत फिरणारी मी. रक्त दिलं त्यानंतर तरी स्वतःकडं बघायचं होतं.

गोळी लगेच सुरू करायला हवी होती. मी आयांना हेच सांगते, उद्यावर टाकू नका. मी दोन दिवस टाकली.

दोन्ही दुपारी तुझ्या जोत्यावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी नुसतीच बसले, उन्हं कलेपर्यंत. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ गेले. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, तरी त्या खळग्याशी वाकले आणि जे तुला विचारायचं होतं ते विचारलं. म्हटलं, ‘छबू, तुझी आई विचारत होती, राग आहे का अजून? तिला ठाऊक नव्हतं गं. माती खाणं हा आजार असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं तुला औषध दिलं असतं. लिंबाची फोडसुद्धा चाटवली असती.’

वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. भिंतीपलीकडं, अगदी खालच्या अंगाला, कुणीतरी हसलं. लहान मूल तोंडावर हात धरून हसतं तसं. आणि लगेच मागून एक बाई हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत. रागाचे नव्हते, एवढं नक्की.

जनाबाई असेल. शेळ्या असतील. मी पलीकडं वाकून पाहिलं नाही.

घरी आले. लिंबू पिळलं, पाणी केलं आणि पहिली गोळी घेतली.